थेंबवाटीचं वाण

तुळशी भोपी नऊ वर्षांची असताना तिच्या मामाने तिची शेळी तिला न विचारता विकली. पुढे लग्नात मामा तिला हात धरून बोहल्यावर न्यायला आला, तर हिने हात मागे घेतला. अख्खं वांगणी बघत होतं. "आधी शेळी," म्हणाली. मामा मांडवातून उठून गेला, कुठूनशी एक शेळी ओढत आणली, तेव्हा कुठे अक्षता पडल्या. हे मला तिच्या सासूने सांगितलं आणि वर म्हणाली, "बनूबाई, सून गुणाची आहे. फक्त तिचं काही घेऊ नका."

मी बदलापूरला तिच्या शेजारची. भिंतीला भिंत लागून. तिच्या घरात फोडणी पडली की ठसका मला लागतो.

तुळशी सातवी शिकली. नवरा स्टेशनला रिक्षा चालवतो. ती अंबरनाथच्या एमआयडीसीत दौलतरावांच्या कारखान्यात कामाला होती, सोळा वर्षं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ती छोटी मापाची वाटी असते ना, पाच मिली, दहा मिली लिहिलेली, ती तिथे व्हायची. मशीनमधून वाट्या पडायच्या आणि तुळशी चांगल्या-वाईट निवडायची. वाकड्या निघाल्या त्या परत दळायला जायच्या. त्यातल्या मूठभर बायका घरी न्यायच्या, पोरांना भातुकलीला. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा.

दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात माझा मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, दिवसातून सहा वेळा थेंब घाला. घालणार कोण? मुलगा-सून नोकरीला. मी स्वतः घालायला गेले की एक थेंब भुवईवर, एक गालावर, एक कानात. बाटलीचं टोक डोळ्याकडे येताना दिसलं की पापणी आपोआप मिटायची. सहा दिवसांत बाटली संपली आणि डोळा कोरडाच.

दुसरी बाटली आणली, तेव्हा तुळशीने हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी एक वाकडी वाटी घेऊन आली. तळाला तापल्या सुईने तिरकं भोक पाडलेलं, त्यात बाटलीचं टोक बसायचं. वाटी डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकवायची. आणि कडेला, वरच्या अंगाला, आणखी एक बारीक भोक.

"हे कशाला गं?"

"त्यातून उजेड येतो. काकू, तुम्ही उजेडाकडे बघा, बाटलीकडे बघूच नका."

मी उजेडाकडे बघितलं. डोळा आपसूक वर गेला, आणि थेंब खालच्या पापणीत जाऊन पडला. मला कळलंसुद्धा नाही. आम्ही तिला थेंबवाटी म्हणू लागलो.

पुढच्या महिन्यात संक्रांत. आमच्याकडे हळदीकुंकवाला बायका दरवर्षी तेच वाण लुटतात. माझ्या फळीवर चहाच्या सहा गाळण्या होत्या, सगळ्या नव्या. तुळशी म्हणाली, या वर्षी मी थेंबवाट्या लुटते, घराघरात सासवा आहेत. तिने एकेचाळीस केल्या. प्रत्येकीला तिळगुळाची पुडी बांधली, आणि बाई आली की आधी कुंकू लावायचं, मग तिच्या डोळ्यावर वाटी ठेवून दाखवायचं. पैठण्या नेसलेल्या बायका माना वर करून छताकडे बघतायत, मला अजून आठवतं.

मग टाळेबंदी आली आणि गेली. दिवाळीच्या सुमारास दौलतरावांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. म्हातारीला थेंब घालता येत नाहीत म्हणून साहेब कामावर कुरकुरत होते. तुळशीने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी थेंबवाटी नेऊन दिली. कुणी मागितली नव्हती. आम्हा बायकांना कुणाची आई म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही.

म्हातारी खूश. साहेबांनी तुळशीला केबिनमध्ये बोलावलं, पहिल्यांदाच खुर्ची दिली. एक इंजिनीयर बसला होता. त्याने विचारलं, दुसरं भोक का, तिथेच का, किती तिरकं. हिने सगळं सांगितलं. चहा मिळाला. घरी येऊन मला म्हणाली, "काकू, माणूस बरा आहे."

दोन महिन्यांनी पाळी सुटताना, दुपारी अडीचला, गेटवर तिची पिशवी उघडायला लावली. तिचीच. दीडशे बायका-पुरुष उभे. पिशवीतून डबा निघाला, ओढणी निघाली, आणि सात वाकड्या वाट्या. दौलतराव स्वतः बाहेर आले. म्हणाले, "सोळा वर्षं मीठ खाल्लंस आणि चोरी करतेस?" कामावरून काढली. कागदावर लिहून दिलं: चोरीच्या कारणाने.

तुळशी घरी आली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. मी बोलायला गेले तर म्हणाली, "काकू, आत्ता नको. मी लक्षात ठेवतेय."

का काढलं ते पुढे दीड वर्षाने कळलं. पेपरात दौलतरावांचा फोटो आला. गळ्यात हार, हातात थेंबवाटी, निळ्या रंगाची, चकचकीत. अंबरनाथच्या उद्योजकाचं संशोधन, पेटंटसाठी अर्ज. माझी नजर आता चांगली होती, आणि ती कुणामुळे ते मला ठाऊक होतं. मी पेपर तुळशीपुढे ठेवला. तिने सावकाश वाचला, घडी घातली आणि देवघरात ठेवला, देवांच्या पाठीमागे. म्हणाली, "आता कळलं. चोराचं बोलणं कोण खरं मानणार, म्हणून मला चोर केली."

पहिल्या मजल्यावर भीमरावांची यशोधरा राहते. मुलगी मुंबईला पेटंटचं काम करणाऱ्या एका मॅडमकडे नोकरी करते. ती आमच्याकडे येऊन बसली. तुळशी मेथी निवडत होती.

"मावशी, त्यांना अजून मिळालेलं नाही. मिळण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतं. दोन रस्ते आहेत. एक, वस्तू माझी, यांनी चोरली, असं म्हणायचं. सिद्ध झालं तर हक्क तुमच्याकडे येऊ शकतो. पण ते म्हणणार, आमच्या कारखान्यात, आमच्या प्लास्टिकची, आमच्या पगारावर झाली."

"आणि दुसरा?"

"त्यांच्या अर्जाच्या आधीच ही वस्तू लोकांत वापरात होती, असं दाखवायचं. लोकांत आलेल्या वस्तूचं पेटंट कुणालाच मिळत नाही. त्यांना नाही. पण मावशी, मग तुम्हालाही नाही. कधीच."

"त्याला नक्की मिळणार नाही?"

"पुरावा पक्का असला तर नाही."

"मग दुसरा."

"विचार करा."

"केला," तुळशी म्हणाली आणि जुडीचा दोरा तोडला.

मी मध्ये पडले. म्हटलं, अगं, डोकं तुझं, हात तुझे, आणि कागदावर तुझं नावसुद्धा नको? माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, माझं नाव गेटवर गेलं. त्याचं कुठे जातं ते मला बघायचंय." मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पुरावा गोळा करायला निघालो. एकेचाळीस वाण, पण बायकांचं काही खरं नाही. एकीने थेंबवाटीत उदबत्ती खोचली होती. एकीने कुंडीला पाणी घालायला घेतली होती. बऱ्याच जणी खरंच वापरत होत्या, पण द्यायला तयार नव्हत्या. वाण परत करतात होय? तुळशी म्हणाली, देऊ नका, तुम्हीच हातात धरून चला. अशा आम्ही एकोणीस जणी शेअर रिक्षांनी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात गेलो, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत, तिथल्या नोटरीकडे प्रतिज्ञापत्रं करायला. नोटरी सिंधी. एकोणीस बायका आणि एकोणीस वाट्या बघून त्याने चष्मा काढला.

"माताजी, ये है क्या?"

मी त्याच्या डोळ्यावर ठेवून दाखवलं. सगळ्यांचे शिक्के मारून झाल्यावर हळूच विचारतो, "एक मम्मी के लिए मिलेगा?"

पण यशोधराच्या मॅडम कुरकुरल्या. म्हणाल्या, या सगळ्या शेजारणी, मैत्रिणी. समोरचा वकील म्हणेल, तुळशीबाईंसाठी खोटं बोलतात. जिचा तुमच्याशी काही संबंध नाही अशी एक बाई हवी.

तेव्हा मला पोलिओवाली आठवली. हळदीकुंकू ऐन भरात असताना दारात एक पोरगी उभी होती, निळी पेटी घेऊन. पाच वर्षांखालचं मूल आहे का विचारत होती. मूल नव्हतं. पण संक्रांतीला दाराशी आलेल्या बाईला कुंकू न लावता पाठवतात का? मीच तिला आत ओढली, वाण दिलं. तुळशी तेव्हा आत तिळगूळ भरत होती, तिला पत्ताच नाही.

नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. तुळशी आणि मी बदलापूरच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात जाऊन बसलो. मी गुडघा दुखतो म्हणायचे, ती एकेक पेटीवाली मुलगी माझ्यापुढे आणायची. सहाव्या केंद्रात माझं गुडघ्याचं औषध खरोखर सुरू झालं, आणि आठव्या केंद्रात श्रद्धा सापडली. तिला वाण आठवत होतं. एवढंच नाही, वस्तू नवीन वाटली म्हणून त्याच संध्याकाळी तिने वापरून बघतानाचा फोटो बरोबरच्या मुलींच्या ग्रुपवर टाकला होता. फोनमध्ये तारखेसकट होता. जानेवारी दोन हजार वीस. दौलतरावांच्या अर्जाच्या वर्षभर आधी.

तुळशीने तो फोटो बघितला आणि हसली. आमच्या शेजारात ती इतक्या वर्षांत अशी हसलेली मी बघितली नव्हती. चांगलं हसू नव्हतं ते.

कागद दाखल झाले. मंगळवारची सुनावणी लागली, त्याच्या आदल्या शुक्रवारी दौलतराव स्वतः आले, काजूकतली घेऊन. मी तिथेच लसूण सोलत बसले, हलले नाही.

"तुळशी, झालं गेलं सोड. संशोधक म्हणून तुझं नाव घालतो. माझ्या नावाखाली."

"खाली?"

"बरं बाई, वर. तू हरकत मागे घे."

तुळशीने बॉक्स उघडला नाही. म्हणाली, "नाव राहू द्या साहेब. सोमवारी अडीचला गेटवर या, पाळी सुटताना. जिथे उभं राहून बोललात तिथेच उभं राहा आणि म्हणा, तुळशी चोर नव्हती. मग मी हरकत काढते. पेटंट तुम्हीच ठेवा, एकट्याच्या नावाने."

माझ्या हातातली पाकळी खाली पडली. इतकं स्वस्त?

दौलतरावांनी बॉक्स आपल्याकडे ओढला, परत पुढे सरकवला. मग म्हणाले, "मी मालक आहे गं. कामगारांपुढे असं बोललो तर उद्या माझं कोण ऐकेल?"

"सोमवारी अडीच," तुळशी म्हणाली.

सोमवारी आम्ही दोघी दोनपासूनच गेटसमोरच्या टपरीजवळ उभ्या होतो. भोंगा झाला. माणसं बाहेर आली, काहींनी तुळशीला ओळखून मान हलवली, काहींनी मान फिरवली. मग साहेबांची गाडी निघाली, काचा वर. आमच्यासमोरून जाताना थोडी हळू झाली, असं मला वाटलं. तुळशी म्हणते, खड्डा होता.

सुनावणी आजकाल व्हिडिओवर होते. यशोधराच्या घरात लॅपटॉपपुढे मॅडम, पाठीमागे आम्ही. समोरचा वकील म्हणाला, हा खासगी घरगुती समारंभ, लोकांत वापर कसा म्हणता? मॅडमनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं: हळदीकुंकवाला आमंत्रण लागत नाही, दाराशी आलेल्या कुठल्याही बाईला वाण देतात, विचारत नाहीत ती कोण. मग श्रद्धाचा फोटो दाखवला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात दौलतराव दिसत होते. त्यांनी आपला चौकोन बंद केला. तुळशी शेवटपर्यंत त्या काळ्या चौकोनाकडेच बघत होती.

निकाल तीन महिन्यांनी आला. अर्ज नामंजूर. तिने तो यशोधराकडून दोनदा वाचून घेतला, दुसऱ्या वेळी फक्त जिथे दौलतरावांचं नाव येतं तेवढंच. एक मोठी औषध कंपनी त्यांच्याकडून थेंबवाट्या घेणार होती, तिने पाठ फिरवली. आता दोन-तीन कारखाने त्या बनवतात. औषधांच्या दुकानात पाकिटात लटकलेल्या असतात. कुणाच्याही पाकिटावर तुळशीचं नाव नाही.

मी तिला एकदा एक विकत आणून दाखवली. वाईट वाटतं का, विचारलं. तिने वाटी उजेडात धरली. "दुसरं भोक खाली घेतलंय. थेंब गालावर जाईल." मग त्या कारखान्याचा पत्ता बघून तिथे गेली, चूक दाखवली, आणि आता तिथेच माल तपासायला आहे.

मला वाटलं, झालं, निवली. पण पेटंटचं जर्नल दर शुक्रवारी निघतं, ते यशोधराने तिच्या फोनवर लावून दिलंय. इंग्रजी तिला येत नाही, पण दौलतरावांचं नाव आकारावरून ओळखते. मागच्या शुक्रवारी ते सापडलं. खाली चित्र होतं: वाफ घ्यायच्या मास्कची क्लिप, उलटी बसवलेली. तिने दौलतरावांच्या कारखान्यातल्या तेजलला फोन लावला, स्पीकरवर. तेजल मास्कच्या मशीनवर असते.

"तेजल, क्लिप उलटी बसवायची, हे पहिल्यांदा कुणी केलं?"

"मी. का गं ताई?"

"ते राहू दे. साहेबांच्या अर्जाच्या आधी कुणाकुणाला दाखवलीस?"

तेजल नावं सांगू लागली. तुळशीचे हात पिठात होते, तिने कोपराने पेन माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, "सावकाश सांग गं बाई, लिहिणारी चौथी पास आहे."