तिच्याविषयी विचारलं तेव्हा

फोन वाजला की ती उभी राहायची. खुर्ची मागे सरकवून, ओढणी खांद्यावर सारखी करून मगच रिसीव्हर उचलायची. मी एकदा म्हणाले, "अगं, बसून बोल की. पलीकडच्याला काय दिसतंय?" तर रिसीव्हरवर तळवा ठेवून ती हळूच म्हणाली, "मोठ्या माणसाचा असला तर?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हाताला काम असलं की कोणाला हार जात नाहीत, आणि चारचौघांत बोलायला सांगितलं की पायाच्या अंगठ्याकडे बघत बसतात. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही, आणि तिच्याबद्दल तिला न विचारता बोलायचं काम मी एकदा करून बसले आहे.

जयपूरच्या शास्त्री नगरात आमचं एक लहानसं सेवाकेंद्र आहे. एका घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. चाकाची खुर्ची, वॉकर, डोक्याकडून वर उचलता येणारा पलंग अशा आजारी माणसाला घरी लागणाऱ्या वस्तू आम्ही फुकट वापरायला देतो आणि गरज संपली की परत घेतो. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी या केंद्राची सचिव झाले.

ती मला भेटली भाजीच्या गाड्यावर. कारल्यांचा भाव ऐकून मी स्वतःशीच पुटपुटले, "लुटायला बसलाय मेला," आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. वळून पाहिलं तर कडेवर पिशवी घेतलेली सावळी, पस्तिशीची बाई. "तुमी मराठी आहा का?" म्हणाली. नवरा रेल्वेत सिग्नलच्या कामावर, वर्ध्याकडून बदली होऊन आलेला. एक मुलगी, सहावीत. स्वतः बी. ए. झालेली, पण त्या बी. ए.चा अजून कुणाला काही उपयोग झाला नव्हता. पंधरा दिवसांनी ती आमच्या केंद्रात वस्तूंची नोंद ठेवायला लागली.

मी साताऱ्याची. ती "मले" म्हणाली की मी "मला" म्हणायचे. ती लगेच दुरुस्त करून घ्यायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा "मले." पुढे ती माझ्याशी कमीच बोलायला लागली. तिचा स्वभावच अबोल, अशी मी समजूत करून घेतली.

केंद्रात तेव्हा मागच्या खोलीत पलंग नुसते पडून असत. शहरात इतकी आजारी माणसं, तरी आमच्याकडे कोणी फिरकत नसे. बाहेर आम्ही पाटी लावली होती, "चिकित्सा उपकरण निःशुल्क उपलब्ध." ती भाषा माझी. मला तिचा अभिमानही होता.

त्या सुमारास एका मॅनेजमेंट कॉलेजने सेवाभावी संस्थांतल्या लोकांसाठी मार्केटिंगचा वर्ग काढला. सहा शनिवार. आमच्या समितीतले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "सेवा की भी कोई मार्केटिंग होती है?" तरी जागा मिळाली होती, ती माझ्या नावाने. पहिल्याच शनिवारी माझा गुडघा सुजला. जागा वाया जाऊ नये म्हणून मी तिला म्हटलं, "तू जाऊन बस."

"मी कायले? मले काय समजते त्यातलं?"

"बसून ये नुसती. चहा, नाश्ता असतो."

पुढे कित्येकांना मी ऐटीत सांगितलं की तिच्यातले गुण ओळखून मीच तिला पाठवली. खरं कारण गुडघा होतं.

पहिल्या शनिवारी ती परत आली ती डोळे सुजवून. प्रत्येकाने उभं राहून आपली संस्था काय करते ते दोन मिनिटांत सांगायचं होतं. ही उभी राहिली, "हम लोग..." म्हणाली आणि तिथेच थांबली. शिकवणाऱ्या बाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, संस्थेचं राहू दे, गेल्या आठवड्यात पलंग कोणाच्या घरी गेला तेवढं सांग. तेव्हा हिने एका रिक्षावाल्याच्या आईची गोष्ट सांगितली. आई कमरेत मोडलेली, ती जेवेपर्यंत मुलगा रोज तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा, म्हणजे तिला टेकायला मिळायचं. पलंग गेल्यापासून तो समोर बसतो.

"मंग सारे चूप झाले," ती मला म्हणाली. "मले वाटलं, चुकलं काही. पण त्या बाई म्हणे, बस, हेच मार्केटिंग."

दुसऱ्या शनिवारनंतर ती वही घेऊन आमच्याकडून वस्तू नेलेल्या घरांत जायला लागली. तुम्ही आम्हाला शोधलं कसं, कोणाला काय म्हणून विचारलं, एवढंच विचारायची. 'चिकित्सा उपकरण' हे शब्द एकाच्याही तोंडात आले नाहीत. लोक म्हणत, "वो पलंग, जिसका सिरहाना उठता है." ती वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पाटी बदलायची होती, आणि पाटी माझी होती.

"तुमाले राग येईल मॅडम, पण लोकायले ते वाचून समजतच नाही."

राग आलाच होता. पण वहीत घराघरातली उत्तरं होती. पाटी बदलली, "घर में कोई बीमार पड़ा है? सिरहाना उठने वाला पलंग ले जाइए. काम हो जाए तो लौटा दीजिए." तोच मजकूर तिने चिठ्ठ्यांवर छापून घेतला आणि औषधांच्या दुकानांत, इस्पितळाबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर स्वतः नेऊन दिला. महिन्याभरात मागची खोली रिकामी झाली. फोन इतका वाजायला लागला की उभं राहून बोलणं परवडेना. ती बसून बोलायला लागली, पुढे पुढे तर एक पाय स्टुलावर टाकून.

पलंग परत यायचे तेव्हा मी पूर्वी हसून विचारायचे, "बरे झाले का?" कधी कधी समोरच्या माणसाचा चेहरा पडायचा. पलंग रिकामा होण्याचं कारण दर वेळी चांगलं नसतं. तिने ते कधी विचारलं नाही. ती पलंगाच्या कड्या तपासत म्हणायची, "आपने बहुत सँभाल के रखा." मग ज्याला सांगायचं तो सांगायचा, ज्याला रडायचं तो रडायचा. हे तिला कोणत्या शनिवारी शिकवलं, असं मी विचारलं. म्हणाली, "हे कोनी शिकवत नसते जी."

समितीला एकदा वाटलं, वस्तू नेणाऱ्यांचे फोटो काढून छापावेत. पलंगावरचे आजोबा आणि शेजारी आम्ही सगळे. तिने सरळ सांगितलं, "दादाजी ने मना किया है. तो नहीं लेंगे." ज्येष्ठ सभासद माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे.

शहराबाहेरच्या बस्सी गावी, शाळेत, बायांची सभा घ्यायचं तिनेच ठरवलं. सकाळी बसने एकटी गेली. दुसऱ्या सभेला मी सोबत होते, म्हणून पाहिलं. ती हिंदीत बोलत होती, मध्येच वऱ्हाडी यायची, समोरच्या बाया हसायच्या, तीही हसायची आणि पुढे बोलायची. थांबत नव्हती. सभा संपल्यावर बायांनी तिला घेरलं. मी खुर्चीवर बसून होते, कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर एके दिवशी ती म्हणाली, "मॅडम, मले पद पायजे."

मी हसले. "पदाचं काय एवढं? काम महत्त्वाचं."

"तुमच्या नावापुढे सचिव आहे न," ती म्हणाली. आवाजात चीड नव्हती, नुसती माहिती दिल्यासारखं.

ती 'संपर्क प्रमुख' झाली. मुलीच्या शाळेच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे इतकी वर्षं 'गृहिणी' लिहिलं जायचं. त्या वर्षी तिने तिथे हे दोन शब्द लिहिले आणि अर्ज शाळेत द्यायच्या आधी मला आणून दाखवला.

आता मला जे सांगायचं आहे ते.

शहरातल्या एका मोठ्या संस्थेत जागा निघाली. आसपासच्या गावांत फिरून लोकांपर्यंत काम पोचवायचं, हाताखाली चार माणसं. तिने अर्ज केला, मुलाखत दिली, आणि चौकशीसाठी माझं नाव दिलं. मला सांगूनही ठेवलं, "फोन येईल मॅडम. तुमीच सांगान त्याईले."

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात दोडका सोलत होते. पलीकडून एका बाईंनी अदबीने विचारलं, "आप इनके बारे में क्या कहेंगी?"

त्या क्षणी मला मागची खोली दिसली. पलंगांनी पुन्हा भरलेली. मी म्हणाले, "काम अच्छा करती हैं. ईमानदार हैं. पर घर है, बच्ची है, पति की बदली वाली नौकरी. घूमना-फिरना शायद मुश्किल हो."

एकही वाक्य खोटं नव्हतं. घर होतं, मुलगी होती, नवऱ्याची नोकरी बदलीची होती. 'शायद'सुद्धा मी घातलं होतं. ती ऊन डोक्यावर घेऊन बसने बस्सीला जात होती, एवढंच मी सांगितलं नाही. फोन ठेवला आणि उरलेला दोडका सोलला.

तिला घेतलं नाही. दोन-तीन दिवसांनी केंद्र बंद करताना कुलूप हातात घेऊन तिने मला विचारलं, "मी कुठं कमी पडली, मॅडम?"

ती माझ्याकडे नीट बघत होती. मी म्हणाले, "इंग्रजी असेल."

"असंन," ती म्हणाली आणि कुलूप लावलं.

पुढच्या महिन्यात तिने प्रताप नगरात इंग्रजी बोलण्याचा वर्ग लावला. शास्त्री नगर शहराच्या एका टोकाला, प्रताप नगर दुसऱ्या. दोन बस बदलून जायची, कॉलेजच्या पोरापोरींमध्ये बसायची, अंधार पडता पडता घरी पोचायची. केंद्रात रिकाम्या वेळी ओठ हलवत वाक्यं पाठ करायची. मी समोर बसून ते बघत होते. किती वेळा तोंडाशी आलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगून तिला त्रासच होईल. स्वतःची सोय बघताना माणूस दुसऱ्याच्या त्रासाची किती काळजी करतो.

वर्षभराने तिच्या नवऱ्याची जोधपूरला बदली झाली. मी निरोप घ्यायला त्यांच्या रेल्वे क्वार्टरवर गेले. कप बांधून झाले होते, म्हणून तिने स्टीलच्या पेल्यात चहा दिला. नवरा बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होता. मी पेला धरून बसले आणि म्हणाले, "तुला एक सांगायचंय. तो फोन मला आला होता..."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. ती वर्तमानपत्रात एक ताट गुंडाळत होती, ते तिने पूर्ण गुंडाळलं. "त्या बाईनंच सांगतलं मले. म्हणे, तुमच्या मॅडम म्हणाल्या फिरणं जमणार नाही."

"केव्हा?"

"तवाच. दुसऱ्या दिवशी."

म्हणजे कुलूप हातात घेऊन तिने विचारलं, तेव्हा तिला माहीत होतं. नंतरचं वर्षभर ती रोज माझ्यासमोर बसली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाले विचारलं होतं न मी," ती म्हणाली. "वाटलं, सांगान."

मी म्हणाले, "आणि ते इंग्रजी? एवढ्या लांब जात होतीस..."

"ते तुमी म्हनलं म्हणून नाही. येत नव्हतं, म्हणून शिकली."

तिने ताट पेटीत ठेवलं. मग मुलीच्या दप्तरातून कोरा कागद आणि पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. "पत्र लिहून द्या मॅडम. माझ्या समोर लिहा."

मी लिहायला घेतलं. 'अत्यंत मेहनती और निष्ठावान' इतकं लिहून होताच ती वाकून म्हणाली, "मेहनती नका लिहू. ते साऱ्यायलेच लिहितात. मी काय केलं ते लिहा." मग ती सांगत गेली आणि मी हिंदीत उतरवत गेले. पाटी कोणी बदलली. चिठ्ठ्या कुठे कुठे दिल्या. बस्सीला कोण गेलं, कशाने गेलं. एकही विशेषण नव्हतं. आयुष्यभर मुलांना निबंध लिहायला शिकवलं, पण इतका स्वच्छ कागद माझ्या हातून क्वचितच उतरला असेल. खाली मी सही केली. तिने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "तुमचा चहा थंडा झाला."

तीन महिन्यांनी तिचा फोन आला. जोधपूरला अंध मुलांच्या एका संस्थेत ती लागली होती. पद होतं, हाताखाली दोन माणसं होती. ती माझ्या गुडघ्याचं विचारत होती, केंद्राचं विचारत होती. तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीने चिठ्ठ्या कुठल्या टपरीवर द्यायच्या ते सांगत होती. मला दुसरंच विचारायचं होतं. शेवटी विचारलं, "माझं पत्र उपयोगी पडलं का गं?"

"पत्र? नाही जी," ती म्हणाली. "त्याईनं मागतलंच नाही. मी बोलली, तेवढं पुरलं."

"आहे ना पण जपून?"

"असंन न. दोन पेट्या अजून खोलल्याच नाही. त्यातच कुठं तरी असंन."