समुद्राची घडी

दुपारचं जेवण झाल्यावर धोंडीराम सातपुते खाटेवर आडवे होतात. डोळे मिटतात, पण झोप दारातच घुटमळते. डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. बायकोला जाऊन अजून वर्ष व्हायचंय, घरात दिवाळीला गोड केलं नव्हतं, आणि आपण काल सिनेमा बघून पोट धरून हसून आलो. सुनेला सांगितलेलं नाही. सुनेचं एक वेळ राहू दे, पण जिला सांगायला हवं तिला कसं सांगायचं?

पंखा फिरतो. फिरता फिरता तो खटाखट वाजू लागतो, आणि मग तो पंखा राहतच नाही. धोंडीराम इचलकरंजीतल्या आपल्या जुन्या कापडाच्या कारखान्यात उभे आहेत. सगळे माग चालू आहेत, आणि मधल्या वाटेत सिनेमागृहातल्या खुर्च्यांची रांग आहे. एका खुर्चीत त्यांची सुगंधा बसली आहे. मांडीवर भाजीची पिशवी. बाजारातून परस्पर आल्यासारखी.

"बसा की," ती म्हणते. म्हणजे नुसते ओठ हलतात.

धोंडीरामांना तेवढं पुरतं. मागांच्या खडखडाटात जन्म गेला, कान कधीच गेले. कारखान्यात आवाजानं कुणी बोलतच नाही. ओठ बघायचे, हात बघायचे. सुगंधा तिथं सुताच्या कांड्या भरायला यायची, तीही ते बोलणं शिकली. लग्नानंतर सिनेमाला गेले की ती अर्धा वेळ पडद्याकडे बघायची, अर्धा वेळ नवऱ्याकडे, आणि तिथला शब्द न् शब्द ओठांनी सांगायची. धोंडीरामांनी सगळे सिनेमे बायकोच्या तोंडावर बघितलेत.

"काल कुठं गेलतासा?" सुगंधा विचारते.

"वाचनालयात."

"पेपर वाचून दात दिसतात व्हय तुमचं?"

"वरच्या हॉलात सिनेमा होता."

"कुणासंगं?"

"एकटाच," धोंडीराम म्हणतात आणि मान खाली घालतात.

सुगंधा उठून चालू लागते. धोंडीराम तिच्या मागोमाग. दोन माग ओलांडले की घरची चूल आहे, चुलीवर चहा आहे, आणि मागांचा आवाज लांब गेलाय.

"मग तिथं बोलणं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. परदेशी सिनेमा. त्यांचं बोलणं हॉलात कुणालाच कळत नव्हतं. खाली मराठीत लिहून यायचं. अगं, सगळेच बहिरे! मी एकटा न्हाई."

सुगंधा पदर तोंडाला लावून हसते. "अक्षरं पळत असतील की."

"पळाली. मग मी दिली सोडून. त्यांचे हात बघत बसलो. हात आपल्यासारखेच करतात गं ते. भांडताना, लाजताना. तिथनं पुढं सगळं कळाय लागलं."

"गोष्ट काय होती?"

"येडी. एक पोस्टमन घरोघरी दारं वाटतो. पाठीवर दार घेऊन फिरतो. एका घरात गाय टेबलाला जेवायला बसलीय, घरातली सगळी तिला वाढायलीत. म्हातारी घड्याळ उघडती, तर आतनं पाणी."

"आणि तुम्ही झोपला न्हाईसा?"

"डोळा लागला न्हाई. शेजारच्या खुर्चीतला मला विचारतो, काका, गाईचा अर्थ काय? म्हटलं, अर्थ कशाला पायजे? भूक लागली असंल तिला."

सुगंधा एवढी हसते की कपातला चहा सांडतो. सांडलेला चहा जमिनीवर पसरतो, निळा होतो, आणि दोघांच्या पायाशी समुद्र आहे.

"शेवट सांगा."

"शेवटी ती सगळी माणसं समुद्राची घडी घालतात."

"कशी? दावा बघू."

धोंडीराम वाकून समुद्राची एक कड उचलतात. सुगंधा दुसरी धरते. कापडाचा तागा धरावा तशी दोघं ताणून धरतात, काठाला काठ लावतात. पाणी सांडत नाही. घडीत एक मासा तेवढा उडी मारतो. घड्या घालत दोघं जवळ येतात, आणि मग धोंडीरामांना ते बोलावंच लागतं.

"तुझ्याबिगर बघितला गं. वर्षसुद्धा झालं न्हाई. आणि मला मजा आली."

सुगंधा घडी त्यांच्या हातात देते.

"आवं, जन्मभर तुमच्याकडं बघत बसले, एक सिनेमा पुरता बघितला न्हाई मी. आज तुम्ही सांगितलासा, पहिल्यापास्नं शेवटपतोर. तिथं वर बायका विचारतात, तुझा नवरा काय करतोय? रोज एकच सांगाय लागतंय, रडतोय. आज सांगते, परदेशी सिनेमा बघून आलाय. एकटा. आणि समजून आलाय."

धोंडीरामांना हातातला समुद्र जड वाटत नाही. ते ताठ उभे राहतात.

"शनिवारी अजून एक हाय," ते म्हणतात.

"जावा. आणि ध्यान देऊन बघा, मला सांगायचाय." असं म्हणून ती त्यांचा दंड धरते आणि कौतुकानं करकचून चिमटा काढते.

"अगं आई!"

धोंडीराम खाटेवर उठून बसतात. पंखा फिरतो आहे. दारात सून उभी आहे, हातात चहाचा कप. त्यांना दिसावं म्हणून ती सावकाश ओठ हलवते, "काय झालं, मामा? ओरडलासा."

"शनिवारी मला सिनेमाला जायचंय," धोंडीराम म्हणतात.

सून काहीतरी विचारणार असते, पण तिची नजर त्यांच्या दंडावर जाते. तिथं नखांच्या दोन लाल कोरी उठल्यात, अजून ताज्या.

"हे काय चावलं?"

धोंडीराम बाही आणखी वर सारतात आणि दंड उजेडात धरतात, तिला नीट दिसावा म्हणून.

"चावलं न्हाई," ते म्हणतात. "शाबासकी हाय."