पहिला कौल डावा होता

माझी धाकटी बहीण कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनला उतरून रिक्षा, मग एसटी असं करत पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत आली, तेव्हा तिच्या उजव्या कानातून पाणी येत होतं. मुंबईत नवऱ्याने मारलं होतं. पहिल्यांदा नव्हे. "ताय, मी आता परत जायची नाय," एवढंच म्हणाली आणि आडवी झाली.

दुसऱ्याच दिवशी मी तिला पोलीस ठाण्यात न्यायला हवं होतं. मी डीएड झालेली, गावच्या शाळेतली बाई, पोरांना हक्क आणि कायदे शिकवणारी. पण गावकी म्हणाली, आधी कौल लावू. नवरा शेजारच्या वाडीचा, दोन्ही वाड्यांची देवी एकच. गुरव देवीच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. देवी सांगेल ते दोन्ही घरांनी मानायचं. आणि मी, अक्कल गहाण टाकलेली, हो म्हटलं! वाटलं, देवी बाईच आहे, ती काय मारकुट्याकडे पाठवणार आहे?

रविवारी सकाळी देवळात जमलो. पुरुष आत, बायका बाहेर पायरीवर, ते काय वेगळं सांगायला नको. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाला व्हिडिओ कॉल लावला, कारण त्यांच्याशिवाय गावात पान हलत नाही. त्यांच्यात आमचे जावईबापूही बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बाय नांदायला जाऊ दे काय?" म्हणून विचारलं. थोड्या वेळाने कळी पडली. डावी. पायरीवरून मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. बहिणीने माझा हात गच्च धरला.

तेवढ्यात मोबाईलमधून कोणीतरी ओरडलं, "ओ, नेट गेलेलं! आमाला काय दिसलं नाय. परत लावा."

आणि मेल्यांनी परत लावला! रेंज गेली म्हणून देवीचा शब्द रद्द? शिमग्याला पालखीची वाट चार पावलं बदलली तर कोप होईल म्हणून हेच लोक एकमेकांची डोकी फोडायला उठतात. बाईच्या जिवाचा प्रश्न आला की देवीनेसुद्धा फेरपरीक्षा द्यायची. दुसरी कळी उजवी पडली. "झालं, देवीचा हुकूम हाय," म्हणत सगळे उठले. मोबाईलमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. आग लागो त्या टाळ्यांना! पण त्या वेळी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. गावात राहायचं होतं, नोकरी तिथलीच होती.

बहीण नांदायला गेली. गणपतीत दोघं तिच्या सासरी, शेजारच्या वाडीत आली. आरती चालू, हा मोबाईलवर लाईव्ह करतोय, आणि ही नैवेद्याचं ताट घेऊन कॅमेऱ्याच्या मध्ये आली. एवढाच तिचा गुन्हा. आरती संपेपर्यंत तो थांबला. प्रसाद वाटला, सगळ्यांच्या पाया पडला. मग तिला माजघरात नेऊन तिचा जबडा मोडला.

महाडला दवाखान्यात तिचे दात तारेने बांधले होते. ती काहीतरी पुटपुटली, म्हणून मी कान जवळ नेला.

"पयली कळी डावीच पडलेली ना गो? तू बघितलेलीस ना?"

"हो."

"मग बोलली का नायस?"

तिथून उठले ती सरळ पोलीस ठाण्यात गेले. तक्रारीत नवऱ्याचं नाव घातलं. मग परत कौल लावायला लावणाऱ्यांची नावं सांगायला लागले, तर हवालदार म्हणाले, "बाई, ह्यांनी कुठं हात लावलाय तिला?" मी हट्टाने सगळी लिहायला लावली. देवळातली, मोबाईलमधली, गुरवाचंसुद्धा.

"झाली का सगळी?" त्यांनी विचारलं.

"झाली," म्हणाले आणि सही केली. माझं नाव त्या कागदावर होतं, पण फिर्यादी म्हणून.