भेटीपुरता मासा

वासुदेवभाऊ गळ टाकण्याआधी दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचे आणि बराच वेळ तसेच धरून ठेवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काही पूजाबिजा असावी. विचारलं तर म्हणाले, "कोरड्या हातानं धरला तं त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघून जाते, सर. मंग तो बिमार पडते." ज्याला दोन मिनिटांनी सोडूनच द्यायचं, त्याच्या तब्येतीची एवढी काळजी करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

अकोल्याच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो आणि ते प्रयोगशाळा सहायक होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. शेत पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून हरभऱ्यासाठी त्यांनी शेततळं खोदलं. पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत गोड राहायचं, पुढे जमिनीतलं मीठ त्यातही उतरायचं. त्या तळ्यात त्यांनी रोहूची पिल्लं सोडली होती, आणि दर रविवारी त्यांना गळाने बाहेर काढून पुन्हा पाण्यात सोडणं हा त्यांचा छंद होता. घरी वहिनी माळकरी, भाऊही माळकरी. मासा उंबऱ्याच्या आत येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी मात्र पक्का मासेखाऊ. त्यांच्या फटफटीवर मागे बसून तळ्यावर जायचो आणि दोन-दोन किलोचे रोहू डोळ्यांदेखत परत जाताना पाहायचो. माझी फार तडफड व्हायची, हे कबूल करतो.

एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, खायचं नाही तर पकडता कशाला?"

"भेटाले," ते म्हणाले. "तुमी दोस्ताले भेटता तं त्याले खाता काय?"

"खात नाही. पण त्याच्या ओठात आकडा घालून ओढूनही आणत नाही."

भाऊंनी आकडा बोटांत धरून उलटसुलट पाहिला. परतताना मला आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं. पुढच्या रविवारी पाहतो तर गळाचा उलटा काटा कानशीने घासून गुळगुळीत केलेला. "आता पट्कन निघते," एवढंच म्हणाले. मासे निसटायचं प्रमाण वाढलं, पण भाऊंना त्याचं काही वाटत नव्हतं. "पाहुना आला, राम राम केला, गेला," म्हणायचे.

तळ्यात एक जुना रोहू होता. खालचा ओठ एका बाजूने फाटलेला. त्याला ते 'बुवा' म्हणायचे. वर्षातून एक-दोनदा तो गळाला लागायचा आणि दुसऱ्या दिवशी भाऊ शाळेत गाणं गुणगुणत परीक्षानळ्या धुवायचे. माझ्या हातून कोण्या जिवाचं वाईट झालं नाही, असं ते अभिमानाने सांगत. त्यांचा सगळा आनंद या एका विश्वासावर उभा होता.

एप्रिलअखेरचा रविवार होता. तळं निम्म्यावर आलेलं. भाऊंनी हात बुडवले, नेहमीपेक्षा लवकर बाहेर काढले आणि म्हणाले, "आज राहू द्या." मी ऐकलं नाही. पलीकडच्या काठाला बुवा वर येऊन तोंड उघडझाप करत होता. "तो बघा, तुमची वाट पाहतोय," मी म्हणालो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं आणि गळ टाकला.

बुवा खूप वेळ झुंजला. भाऊंनी ओल्या हातांनी धरून आकडा काढला, अलगद सोडला. तो थोडा पुढे गेला आणि पांढरं पोट वर करून उलटला. भाऊ पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले. त्याला दोन्ही हातांत सरळ धरून, पाणी कल्ल्यांतून जावं म्हणून हळूहळू चालवत राहिले. ऊन डोक्यावर येईपर्यंत चालवत होते. कल्ले हलायचे कधीच थांबले होते, पण त्यांना ते सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

"पानी गरम होतं, सर, त्यात त्याले दम पुरत नाई," शेवटी तेच म्हणाले. "हात घातला तवाच समजलं होतं मले. तरी बी टाकला."

"मीच म्हटलं ना टाका म्हणून."

"गळ माह्या हातात होता."

मासा त्यांनी माझ्या पिशवीत ठेवला. "खाजा. वाया जाऊ देऊ नोका." मी घरी नेला, रांधला, खाल्ला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शिरताच त्यांनी विचारलं, "कसा लागला?" खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "चांगला होता, भाऊ."

"मंग बरं झालं," ते म्हणाले, आणि नळ्या धुवायला लागले.

त्यानंतर होळीला गळ माळ्यावर जायचा, तो पोळ्यालाच खाली यायचा. ज्या माशाने आकडा खोल गिळला असेल, ज्याच्या कल्ल्यांतून रक्त येत असेल, तो माझ्या पिशवीत. बाकीचे परत. "सोडलं म्हनजे जगलाच असं नाई," असं ते आता म्हणायचे. अभिमानाचं ते जुनं वाक्य मात्र पुन्हा कधी ऐकलं नाही. या नियमाने मला एवढ्या वर्षांत चार मासे मिळाले.

निवृत्त झाल्यावर ते अमरावतीला मुलाकडे राहायला गेले. जाताना गळ मला दिला. शेत आता पुतण्या पाहतो. रविवारी मी तळ्यावर जातो.

गेल्या रविवारी निघताना बायकोने मसाला वाटायला घेतला होता. गळाला चांगला भरलेला रोहू लागला. ओठातच अडकलेला, कुठे रक्ताचा थेंब नाही. त्याआधी मी दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले होते आणि पाणी थंडगार होतं, त्यामुळे घरी न्यायला काही सबब उरली नव्हती. सोडला. तो खाली दिसेनासा होईपर्यंत थांबलो, मग भाऊंना फोन केला.

"हात ओले केले व्हते ना?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"केले होते."

"आन घरी आता काय सांगसान?"

"भेट झाली म्हणून सांगेन," मी म्हणालो.