कागदावर कापलेली अमेरिकन

सकाळचे साडेदहा. वाहन नोंदणीचं कार्यालय, पहिला मजला, खिडकी क्रमांक तीन. खिडकीच्या आत बाबू, बाहेर सावली गावच्या शेवंताबाई, वय बहात्तर, आणि त्यांच्या मागे मी.

बाबूने संगणकाकडे पाहून सांगितलं, "बाई, ही गाडी नाही."

"नाई म्हणजे? खाली उभी हाय."

"खाली असेल. इथे नाही. मोडीत काढलीय. गॅस कटरने कापली, पंचनामा झाला, वजन झालं, भंगारात गेली. दोन वर्षं झाली."

"मंग मी आली कायच्यात?"

बाबूने खिडकीतून खाली बघायचं टाळलं. त्याऐवजी नियम सांगितला. नोंद नसलेली गाडी रस्त्यावर दिसली तर जप्त होईल आणि कापली जाईल. हरकत घ्यायला पंधरा दिवस.

मी विचारलं, "जी कापलीय ती पुन्हा कशी कापणार?"

"तुम्ही कोण?"

"पत्रकार."

त्याने खिडकी बंद केली. जेवणाची सुट्टी व्हायला तीन तास होते.

*

बत्तीस वर्षं या दोन जिल्ह्यांत बातमीदारी केली. खुनाच्या, वाघाच्या, पडलेल्या पुलांच्या बातम्यांची कात्रणं वाळवीने खाल्ली. या गाडीचे किस्से मात्र डेपोतल्या सागाच्या थप्पीसारखे साचत गेले. खालचा एक ओंडका ओढायला जावं तर वरचे चार गडगडत येतात. आता गाडीच नाही असं सरकार म्हणतं आहे, तर थप्पी मोकळी केलेली बरी.

गाडी अमेरिकन ट्रक. दहा चाकं, तीन ॲक्सल, तिन्हींना इंजिनाचा जोर, पुढे बंपरवर लोखंडी दोर गुंडाळलेली विंच. बोनेटवर कंपनीचं नाव आहे. कंपनी अजून चालू आहे, म्हणून लिहीत नाही. फुकट जाहिरात मी कुणाची केलेली नाही.

मोठं युद्ध संपलं, अमेरिकन सैन्य घरी गेलं आणि गाड्या इथेच टाकून गेलं. तिकडे बंगालात त्यांचे लिलाव झाले. आमच्याकडच्या लाकूड ठेकेदारांनी त्या उचलल्या, कारण पावसाने भिजलेल्या जंगलातून सागाचे ओंडके बाहेर काढील असं दुसरं काही नव्हतंच. शेवंताबाईंचे सासरे तेव्हा ठेकेदाराकडे मुकादम होते. तेही बंगालपर्यंत गेले. इंग्रजी येत नव्हतं, गाडीतलं काही कळत नव्हतं. बैलातलं कळत होतं. बाकीचे लोक रंग पाहून गाड्या निवडत होते. हे एकेका गाडीच्या मागे गेले, खाली वाकले, मग म्हणाले, "चिखलात चालवून दाखवा."

चाळीस गाड्यांपैकी एक चिखलातून न अडखळता बाहेर आली. तीच सावलीला आली. सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बंपरला कुंकू लावलं. तेव्हापासून त्या घरात तिला गाडी म्हणत नाहीत. "अमेरिकन" म्हणतात, आणि माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

*

गाडीचा डॉक्टर म्हणजे रहीमभाई. वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज. गाडीचा चालक पोचूभाऊ, चामोर्शीकडचा, पूर्वी लाकूड डेपोत ओंडक्यांवर रंगाने नंबर टाकायचा. मी संध्याकाळी त्या गॅरेजात बसतो. प्रेस क्लबपेक्षा तिथे बातम्या खऱ्या असतात.

एकदा नागपूरहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले. पांढरे बूट, हातात भिंग. बोनेट उघडून त्यांचा चेहरा पडला.

"अहो, हे इंजिन ओरिजिनल नाही. हे डिझेलचं आहे."

"पेट्रोलचं लई प्यायचं," रहीमभाई म्हणाले. "माझ्या बापानं बदललं."

"गिअरचा दांडा?"

"तो मी बनवला."

"मग यात अमेरिकन राहिलंय काय?"

रहीमभाईंनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा बाजूला थुंकला. "साहेब, तुमचे दात नवे दिसून राह्यले. घरी गेल्यावर बाई घरात घेते ना?"

*

अमेरिकनचं स्टिअरिंग डाव्या हाताला. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाच्याही लक्षात राहत नाही. लोक सवयीने उजव्या दाराशी जाऊन बोलतात. उजव्या सीटवर शेवंताबाई बसलेल्या असतात, त्यामुळे गाडीचे सगळे सौदे त्यांच्याशीच होतात. पोचूभाऊला कुणी विचारत नाही.

ऊर्जानगरच्या वळणावर वाहतुकीचा एक नवा जवान होता. त्याने हात दाखवला, तडक उजव्या दाराशी आला आणि चलानाचं मशीन काढलं.

"आजी, लायसन."

"मले कायले लायसन?"

"गाडी चालवताना खर्रा घोटून राहिल्या, सीट बेल्ट नाही, वरून विचारता कायले?"

शेवंताबाईंनी प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा घोटायचा थांबवला नाही. पलीकडून पोचूभाऊ सांगत होता, "साहेब, चालवून मी राह्यलो." जवान म्हणाला, "तू गप. मी ड्रायव्हरशी बोलतोय."

चलान शेवंताबाईंच्या नावावर फाटलं. बेदरकारपणे अवजड वाहन चालवल्याबद्दल. त्यांनी ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं आहे. घरात कुणी म्हातारी म्हटलं की त्या तिकडे बोट दाखवतात.

*

त्याच ऊर्जानगरच्या रस्त्यावर वीज केंद्राचं अवजड यंत्र घेऊन येणारा ट्रेलर कडेला रुतला. नवी क्रेन आली. ट्रेलर काढताना क्रेनचं मागचं चाकही गेलं. चार इंजिनिअर, दोन लॅपटॉप, आणि मागे कंपनीच्या बसगाड्यांची रांग. शेवटी कुणीतरी सावलीला फोन केला.

पोचूभाऊने अमेरिकन उभी केली, चाकांखाली सागाचे ठोकळे घातले, दोर सोडला. मोठ्या इंजिनिअरला राहवेना.

"हिची क्षमता किती? किती टन ओढते?"

पोचूभाऊने विचार केला. "जेवढं अडकलं असन तेवढं."

आधी क्रेन निघाली, मग ट्रेलर. इंजिनिअरने पाकीट काढलं. तेव्हा त्याला शेवंताबाईंचा कायदा कळला. धंद्याची खेप वेगळी; अडकलेल्याला काढायचं काही घ्यायचं नाही. पण ज्याला काढलं त्याने नाव लिहून जायचं. गाडीच्या मागच्या हौद्याला सागाच्या फळ्या आहेत. आतल्या बाजूने त्यांवर डेपोच्या रंगाने, डेपोच्याच ब्रशने सही करायची. सासऱ्यांपासूनची पद्धत आहे. ते म्हणत, पैसे घेतले तर माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो, नाव लिहून घेतलं तर आयुष्यभर रस्त्यात ओळख देतो.

इंजिनिअरने सही केली, खाली पदव्या लिहिल्या. त्याच्या वर एका नवरदेवाची सही होती, त्याच्या वर एसटीच्या ड्रायव्हरची, आणि कोपऱ्यात भामरागडकडच्या एका गायत्याचा, म्हणजे गोंडांच्या गावपुजाऱ्याचा, अंगठा.

*

ताडोब्याला वाघ पाहायला आलेला एक अमेरिकन पाहुणा, कुणाकडून तरी ऐकून, सावलीला आला. साठीचा माणूस. रहीमभाईंच्या गॅरेजात गाडी दिसली तसा तो जागीच उभा राहिला. मग जवळ गेला आणि डॅशबोर्डवरची पितळी पट्टी बोटाने पुसत बसला. सोबतच्या गाइडने सांगितलं, याचा आजा ज्या कारखान्यात होता तिथेच असल्या गाड्या बनत. त्याच्या गावात आता तो कारखानाही नाही आणि गाडीही नाही.

तो बंपरवर डोकं टेकवून रडला. पोचूभाऊ घाबरला. मला म्हणाला, "भाऊ, याले विचारा ना, कुठी लागलं का?"

निघताना त्याने गाइडकरवी विचारलं, मी हिला परत घेऊन जाऊ शकतो का? म्हणाल ते देतो. जहाजाने नेईन, संग्रहालयात ठेवीन, छताखाली.

रहीमभाईंनी पाना खाली ठेवला. शेवंताबाईंनी पाहुण्याला चहा दिला आणि गाइडला म्हणाल्या, "त्याले सांग बापू, सून हाय ते आमची. माहेरचं माणूस आलं, लई बरं वाटलं. दिवाळीले चार दिस पाठवतो. पण नांदन इथीच."

गाइडने काय भाषांतर केलं माहीत नाही. पाहुण्याने शेवंताबाईंच्या पाया पडून निरोप घेतला.

*

तर अशी ही गाडी, आणि ती नाही.

पंधरा दिवसांतले सहा गेले होते. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, आणि उत्तराची वाट न पाहता रोज जाऊन खिडकी क्रमांक तीनसमोर बसलो. दहाव्या दिवशी वैतागून त्यांनी पंचनाम्याची नक्कल दिली. संध्याकाळी गॅरेजात मी ती मोठ्याने वाचली. अमुक तारीख, सकाळी अकरा वाजता, चंद्रपुरातल्या भंगार आवारात, सदर वाहन माझ्या समक्ष कापून त्याचे तुकडे करण्यात आले. खाली निरीक्षक साहेबांची सही, तारीख, वेळ.

"पुन्हा वाचा तारीख," पोचूभाऊ म्हणाला.

मी वाचली. तो उठला, हौद्यात चढला आणि आतली बांबूची चटई बाजूला करू लागला.

ती तारीख वैनगंगेच्या पुराची होती. त्या दिवशी अमेरिकनने पाण्यातून पाच खेपा मारल्या होत्या. बायका, लेकरं, शेळ्या, धानाची पोती. दुसऱ्या खेपेला नाल्यावर एक सरकारी जीप बोनेटपर्यंत बुडालेली दिसली. टपावर पूरड्यूटीवर आलेले एक साहेब छत्री धरून बसले होते. त्यांना हौद्यात घेतलं. कोरड्यावर उतरल्यावर पोचूभाऊने ब्रश पुढे केला. साहेबांनी सही केली, हुद्दा लिहिला, आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

"नावच पुरे, साहेब," पोचूभाऊ म्हणाला होता.

"सरकारी माणसाची सही तारीख-वेळेशिवाय होत नाही," साहेब म्हणाले होते, आणि तीही टाकली होती.

*

सुनावणी चौदाव्या दिवशी. ते निरीक्षक साहेब बढतीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले, म्हणून आले नाहीत. खुर्चीवर नव्या मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. ती फळी काढून पुरावा म्हणून जमा करा."

"फळी नाई निघत," शेवंताबाई म्हणाल्या. "माह्या सासऱ्याच्या हातची हाय. पाहाची असन तर खाली या."

बाबू म्हणाला, "बाई, मॅडम खाली येत नसतात."

मॅडम उठल्या.

खाली सगळं कार्यालय जमलं. रहीमभाईंनी स्टूल ठेवलं, मॅडम चाकावर पाय देऊन हौद्यात चढल्या. इंजिन धडधडत होतं. त्यांनी हात करून सांगितलं, "गाडी बंद करा. काही ऐकू येत नाही."

"मॅडम, कागदावर तर बंदच हाय," पोचूभाऊ म्हणाला.

मॅडमनी पंचनाम्याची नक्कल फळीशेजारी धरली. सहीचा तोच फराटा. तोच हुद्दा. तीच तारीख. अकरा वाजता, दोन्हीकडे. एक चंद्रपुरात, एक वैनगंगेच्या काठावर.

त्या बराच वेळ उतरल्या नाहीत. उतरल्या तेव्हा बाबूला एवढंच म्हणाल्या, "नोंद सुरू करा. आज."

त्या दुपारी अमेरिकन जिवंत झाली. खिडकी क्रमांक तीनमधून शेवंताबाईंनी कागद घेतला, तेव्हा बाबूने प्रथमच वाकून खाली पाहिलं. सावलीच्या वेशीवर बायका भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. मी बातमी दिली. पहिल्या पानावर, चार कॉलम. निरीक्षक साहेबांना फोन केला तर म्हणाले, बैठकीत आहे. त्यानंतर सतरा वेळा केला. बैठक चालूच आहे.

फाईल अजून त्याच कपाटात आहे. तिच्यात पंचनाम्यामागे भंगाराच्या वजनाची पावती लावली आहे. एक इंजिन, तीन ॲक्सल, दहा चाकं. काट्यावर चढवली, मोजली, उचलून नेली.

ते इंजिन, ती चाकं कोणत्या गाडीची होती, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.