पहिलं अक्षर शेंड्यावर

मला भूमिती येत नव्हती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, कारण सत्तरच्या दशकात परतूरजवळच्या एका शाळेत सातवीला मी भूमितीच शिकवत होतो.

प्रमेयं मला पाठ होती, अक्षरांसकट. त्रिकोण म्हणजे अबक. अ वर, ब डावीकडं, क उजवीकडं. परीक्षा जवळ आली की पोरांना ओट्यावर बसवून तेच घोकून घ्यायचो. वर युक्ती सांगायचो, "अक्षरं बदलून आली तरी घाबरू नका. पहिलं अक्षर शेंड्यावर टाका अन् खुशाल सुरू करा."

वर्गात एका हमालाची मुलगी होती. तो मला म्हणाला होता, "गुर्जी, पास झाली तर हायस्कुलात घालतो. न्हाई तर मागणी आलेलीच हाय."

एकदा तिनं समद्विभुज त्रिकोण काढलेली पाटी आडवी धरली. "गुर्जी, अ बाजूला गेला. पण समान बाजू त्याच राह्यल्या की. मंग शेंडा बघायचा, का बाजू?"

मी पाटीकडं न बघताच म्हणालो, "पेपर काय आडवा धरून लिव्हणार हाईस का, शहाणे?" पोरं खिदळली. तिनं पाटी सरळ केली.

पेपरात समद्विभुज त्रिकोण आला तो पमर. समान बाजू मप आणि मर. म्हणजे शेंड्यावर म हवा होता. परीक्षा केंद्राबाहेर तिनं मला सांगितलं, "तुम्ही सांगितलं तसंच केलं गुर्जी, प वर टाकला." भलतेच कोन समान ठरवून आली होती. इतर आकृत्यांतही तेच. भूमितीत नापास झाली.

निकालानंतर बाप तिला घेऊन आला. "पुन्हा बसवावं का गुर्जी हिला? कुठं चुकलं हिचं?"

बसवा म्हणालो असतो, तर शिकवावं लागलं असतं. काय शिकवणार होतो?

"काय उपयोग," मी म्हणालो, "लक्षच नसतं तिचं."

बापानं तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, आता सांगते.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

बापानं मला हात जोडले. मीही जोडले. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मला आमंत्रण होतं. मी गेलो नाही.