कव्हर घातलेली वही

हातात पुस्तक आलं की त्याला जुन्या पेपरचं कव्हर घालायचं, ही माझी जुनी खोड. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल झाले तेव्हापासून एकही पुस्तक उघडं ठेवलेलं नाही. लोक हसतात. हसू देत, म्हणायचे मी. त्याच खोडीनं माझा घात केला.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयात आम्ही गावच्या कलांचा कार्यक्रम ठेवला. तिसगावच्या बाजारात खेळणी विकणारे एक कारागीर मुलांना कागदाच्या लगद्याचे मुखवटे शिकवणार होते. आत टेबलावर बायकांचं भरतकाम आणि मधोमध एक वही मांडायची होती. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ती आदल्या दिवशी आणून दिली. त्यांची बायको उतारवयात साक्षरता वर्गात अक्षरं शिकली आणि जात्यावर गायच्या स्वतःच्या ओव्या तिनं त्या वहीत उतरवल्या. आता ती नव्हती.

"मला वाचता येत न्हाई," बाबा म्हणाले. "उद्या चार लोकांत तुमी वाचून दावा. म्या बी ऐकीन. पर जपा बरं का बाई, दुसरी न्हाई."

मी जपलीच की. लगेच पेपरचं कव्हर घातलं, टेबलावर उरलेल्या पेपरांशेजारी ठेवली आणि बॅनर बांधायला स्टुलावर चढले. तेवढ्यात कारागीर लगद्यासाठी रद्दी मागायला आले. मी वरूनच, मान न वळवता सांगितलं, "टेबलावर आहे, सगळी न्या."

सकाळी टेबलावर वहीसाठी मी लिहिलेली माहितीची चिठ्ठी होती, वही नव्हती. कपाटं उपसली, भरतकाम झटकलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग एकदम ते स्टूल आठवलं आणि मी मागच्या अंगणात धावले.

कारागीर घमेल्यात लगदा मळत होते. "पेपरच दिसला वो बाई," ते म्हणाले. "पोरांनी कालच फाडून भिजत घातला." मी कोपरापर्यंत हात घातला. शिलाईचा पांढरा दोरा तेवढा बोटाला गुंडाळून वर आला. अर्धे मुखवटे तोवर भिंतीपाशी वाळतही होते.

वाचन चार वाजता होतं. तोपर्यंतचा दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. फाटक वाजलं की मी खिडकीशी जायचे. चोरीला गेली म्हणून सांगावं असं मनात आलं, दोनदा आलं. कमिटी काय म्हणेल याचं मला काही वाटेना. बाबांच्या तोंडाकडं बघायची भीती वाटत होती.

ते इस्त्रीचा सदरा घालून आले. मी पाठ केलेलं सगळं विसरले. "बाबा, वही लगद्यात गेली. माझ्या हातनं गेली." त्यांना कळेना. मी त्यांना मागं नेलं. वाघ, माकडं, राक्षस उन्हात ओळीनं मांडलेले होते.

"ह्यातल्या कशात हाय?"

"सगळ्यांत. थोडी थोडी."

त्यांनी प्रत्येक मुखवट्यावरून तळवा फिरवला, घाई न करता. ते ओरडतील, शिव्या देतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. खरं सांगायचं तर ते ओरडले असते तर मी सुटले असते. शेवटच्या माकडावर हात ठेवून ते माझ्याकडं वळले. आवाज अगदी साधा होता, आशेचा होता.

"जाऊ द्या. कागुदच त्यो. पर तुमी तर वाचली असंल. एखादी सांगा की, आठवती तशी."

वही माझ्या हातात आली होती. मी तिचं एक पानसुद्धा उलटलं नव्हतं. नुसतं कव्हर घातलं होतं.